आठ बोटांचा कीबोर्ड

एकशे चार झाकणं, त्यांच्याखाली एकशे चार बटणं, प्रत्येक बटणात एक स्प्रिंग; शिवाय एक वायर आणि अकरा स्क्रू. स्क्रूची भोकं बारा होती, म्हणजे एक आधीच हरवलेला. जुन्या चादरीवर मी सगळं ओळीने मांडलं. समोर अप्पा बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांची मिळून बोटं आठ.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दोन वर्षांपूर्वी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेलं. टाकवे बुद्रुकच्या आमच्या घरापासून चार किलोमीटरवरच्या कंपनीत अप्पांनी एकवीस वर्षं त्या प्रेसवर काढली होती. अपघातानंतर कंपनीने त्यांना गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वहीत नोंद करायला. डाव्या हाताने लिहायला ते तिथेच शिकले. आता वही बंद होऊन कॉम्प्युटर येणार होता. मिनिटाला वीस शब्द टाइप करता आले तर गेट राहणार, कायम नोकरी राहणार. नाही आले तर ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट. परीक्षा पाच मिनिटांची होती आणि तिला पाच आठवडे होते.

साध्या कीबोर्डवरचा त्यांचा वेग मी तीन दिवस मोजला. बारा, अकरा, बारा.

सरावासाठी कंपनीने चार पानं दिली होती. गेटवरच्या नोंदी, इंग्रजी अक्षरांत: माणसाचं नाव, गाडीचा नंबर, काम. त्यांतली अक्षरं मी मोजली. सहा हजार दोनशे बारा अक्षरांपैकी एक हजार चौऱ्याण्णव वेळा A. आपली नावं इंग्रजीत लिहायची तर A शिवाय पुढे सरकत नाहीत. शिवाय जवळपास प्रत्येक गाडीच्या नंबरात M आणि H. ही दोन्ही अक्षरं साध्या कीबोर्डवर उजव्या तर्जनीच्या वाट्याला येतात, म्हणजे अप्पांच्या हाताला जिथे काहीच नव्हतं तिथे.

बी.एस्सी. होऊन मला दहा महिने झाले होते. अर्ज करण्यापलीकडे मी काही करत नव्हते. हे काम मिळाल्यावर मला बरं वाटलं, हे खरं आहे.

कीबोर्ड माझ्या लोणावळ्याच्या मैत्रिणीने, तेजलने दिला होता, तिच्या भावाचा जुना. त्याचा फायदा असा की कुठल्या बटणाने कुठलं अक्षर उमटायचं हे त्याच्या आतच साठवता येतं. कुठल्याही कॉम्प्युटरला जोडला तरी तो आपलीच मांडणी पाळणार. A, M आणि H मी डाव्या हाताच्या तीन चांगल्या बोटांखाली आणली. उजव्या हाताकडे कमी लागणारी अक्षरं आणि आकडे ठेवले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लवकर थकायचं, म्हणून त्यांच्याखालच्या स्प्रिंगा बदलल्या. बटण वजनकाट्यावर ठेवून दाबलं, तर जुन्या स्प्रिंगला साठ ग्रॅम जोर लागत होता, नव्या स्प्रिंगला पस्तीस.

बटणाला चार बारीक खाचा असतात. त्या सुटल्या की वरचा भाग निघतो आणि स्प्रिंग उडते. पहिल्या दिवशी माझ्या हातून तीन उडाल्या. एक आईला तांदूळ निवडताना सापडली. आई म्हणाली, शिजवू का यालाबी. अप्पांनी त्यानंतर माझ्या हातातून बटण काढून घेतलं. अंगठा आणि करंगळीत धरून त्यांनी स्प्रिंग बसवली, दाबून कानाशी नेली आणि परत काढली.

"तिरपी बसली. प्रेसची डाय बी अशीच वाजती, वाकडी बसली की."

उरलेली बटणं त्यांनीच बसवली. एकही स्प्रिंग उडाली नाही.

सवय मोडायला पहिला आठवडा गेला. वेग सहावर आला तेव्हा अप्पा कीबोर्ड ढकलून उठले आणि दोन दिवस त्याच्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून बसले. मग नऊ, चौदा, सतरा. पाचव्या आठवड्यात बावीस. साधा कीबोर्ड मी तोवर कपाटावर टाकून दिला होता.

बाहेरची वस्तू आत न्यायची तर गेट पास लागतो, हे अप्पांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. अर्ज मी लिहिला, त्यांनी दिला. साहेब म्हणाले होते, आणा की, काय हरकत आहे. पासवर सही मात्र झाली नव्हती. अप्पांनी मला दोनदा आठवण करून दिली. मी त्यांना म्हटलं, साहेबच हो म्हणालेत, तर आता कसली काळजी.

परीक्षेच्या दिवशी मी स्कूटरवरून त्यांना सोडायला गेले. कीबोर्ड माझ्या पाठीवरच्या बॅगेत होता. गेटवर केरबाकाका होते, अप्पांचे जोडीदार. त्यांनी पासच्या फायलीत पाहिलं, मग साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. परीक्षा अकराला सुरू होईल, पासचं सोमवारी बघू, असा निरोप आला. अकराला दहा मिनिटं होती.

केरबाकाकांनी फोन ठेवला आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"निवृत्तीभाऊ, जावा आत. मी हितं न्हाईच."

अप्पा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडून बॅग घेतली, कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला आणि वही ओढली.

"अप्पा, साहेब तुमच्यासमोर हो म्हणालेत," मी म्हणाले.

"तोंडी."

"मग?"

"मागल्या महिन्यात ती इंजिनेर पोरगी आली व्हती, पेनड्राइव्ह घिऊन. साहेब हो म्हनलेत, म्हनत व्हती. रडली बी. मी म्हनलो, कागद दाव. परत धाडली तिला."

"तिची नोकरी जाणार होती का?"

"मी इचारलं न्हाई."

त्यांनी डाव्या हाताने नोंद केली: कीबोर्ड, नग एक, काळा, पास नाही, गेटवर जमा. वेळ लिहिली, खाली सही केली. टोकन फाडून माझ्या हातात दिलं. केरबाकाकांनी कीबोर्ड कपाटात ठेवला, जप्त केलेल्या तंबाखूच्या पुड्यांशेजारी. अप्पा आत गेले.

मी गेटबाहेर उभी राहिले. पाच आठवड्यांपूर्वी ते साध्या कीबोर्डवर बाराने टाइप करत होते. ते बारा मीच घालवले होते. अक्षरं मोजली, स्प्रिंगा तोलल्या, पण एका कागदावरची सही मोजण्यात धरली नाही. आणि ज्या माणसाला मी हे करून दिलं, तो कागदाशिवाय कुणालाही आत सोडत नाही, हे मला ठाऊक होतं. जेवताना त्यांनी परत धाडलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकून मी हसतही असे.

अप्पा पावणेबाराला आले. हातात छापलेला निकाल होता. शब्द पस्तीस, मिनिटाला सात. शिवाय साहेबांनी सांगितलं होतं की एक तारखेपासून ठेकेदाराला भेटा. पस्तीस हा आकडा ऐकून आतला कारकून हसला, हे अप्पांनी स्वतःहून सांगितलं, दुसरं काही नाही. त्यांनी टोकन मागितलं, ते वहीला चिकटवलं, कीबोर्ड परत मिळाल्याची सही माझ्याकडून घेतली.

घरी आईने विचारलं, काय झालं. अप्पा म्हणाले, झाडू मिळंल. आई आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. ती आधीच घासलेली होती.

मी कीबोर्ड उचलून माळ्यावर टाकायला निघाले. अप्पांनी हात पुढे केला.

"आन हिकडं. जोड."

"कशाला आता?"

"घड्याळ लाव."

मी जोडला. चौथं पान समोर ठेवलं, मोबाइलवर पाच मिनिटं लावली. मध्ये ते एकदाही थांबले नाहीत. वेळ संपल्यावर मी शब्द मोजले, मग पुन्हा मोजले.

एकशे सतरा शब्द, दोन चुका. मिनिटाला तेवीस पूर्णांक चार.