रूपाची सवत

नाक मुरडू नका, मित्रांनो! होय, मी तंबाखूची जुनी डबी आहे. दोन तोंडांची. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना. दोन तोंडं असूनही मी आजवर कुणाची चहाडी केली नाही. आज पहिल्यांदाच करते आहे.

कर्जतच्या एका टपरीवर पुठ्ठ्याला अडकवलेल्या आम्ही बारा बहिणी होतो. त्यांतून कळंबच्या रत्नदीपने मला उचललं आणि शर्टाच्या डाव्या खिशात ठेवलं. रत्नदीप टेंपो चालवतो. कधी भाताची पोती, कधी सिमेंट, कधी लग्नाच्या खुर्च्या. माणूस सोन्यासारखा, पण मनातलं बोलेल तर शपथ! गिऱ्हाइकाशी वाजलं, की चिमूट. टेंपो पंक्चर झाला, की चिमूट. लेक स्नेहल दहावी पास झाली, तेव्हा आनंदाच्या भरातही चिमूटच. मला केवढा तोरा चढला होता म्हणून सांगू! वाटायचं, याचा माझ्यावाचून जीव राहत नाही. त्याची बायको रूपा तर मला सवतच म्हणायची.

मग गावातल्या आरोग्य शिबिरात डॉक्टरीणबाईंना त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. "आजच तंबाखू सोडा. वाढला तर कॅन्सरची भीती आहे. तीन महिन्यांनी दाखवा," त्या म्हणाल्या.

रत्नदीप घाबरला. घरी येताच त्याने माझी तंबाखू उकिरड्यावर झटकली. चुना मात्र ठेवला! का, तर टेंपोनाक्यावर सगळे त्याच्याकडेच चुना मागत. "रत्नदीप, चुना दे रं!" अशी हाक आली, की त्याला चार माणसांत बसायला मिळे. चुना नसला तर आपल्याला हाक कोण मारणार, असं त्याला वाटलं. पण चुना घेणारा मळून झाल्यावर देणाऱ्याच्या हातावरही चिमूट ठेवतो. रीतच आहे ती. आठ दिवसांत स्वारी पुन्हा जिथल्या तिथे.

रूपाला हे कळलं. आता आपली रवानगी विहिरीत, असं मी धरूनच चालले होते. पण तिने मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि रिकामंच त्याच्या खिशात ठेवलं.

"निस्ती तंबाखू नाय लागत तुमाला, जवळ माणूस बी लागतं," ती म्हणाली. "डबीला हात लागला, की मला फोन करा."

"आन बोलू काय?"

"सुचंल ते."

पहिल्या दिवशी त्याने तेरा फोन केले. "हॅलो… काय नाय." "भाजी कंची केलीस?" तेराव्या फोनपर्यंत भाजी करपली होती. पुढचे काही दिवस वाईट गेले. त्याचं डोकं दुखे, तो उगाच चिडे, पण फोन करी. एका दुपारी त्याने टेंपो रस्त्याच्या कडेला घेऊन फोन लावला.

"रूपा, बाबा गेले तवा मी चौदा वर्साचा होतो. रडाय लागलो, तर एका पावण्यानं हातावर चिमूट ठेवली. म्हनला, बाप्यामाणूस हायस, रडू नको…"

तो थांबला.

"मग?" रूपा म्हणाली. "मग फुडं?"

आणि रत्नदीप टेंपोत बसून पोटभर रडला. मित्रांनो, सोळा वर्षं मी त्याच्या छातीला लागून राहिले, पण एकदाही मला "मग फुडं?" विचारता आलं नव्हतं. माझा तोरा तिथेच उतरला.

तीन महिन्यांनी चट्टा पुसट झालेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी दाखवायला येत राहा म्हणून बजावलं. आणि नाक्यावर अजूनही हाक येते, "रत्नदीप, ये रं, बस!" चुना नसतानाही.

आता मी फळीवर असते. एका तोंडात बटणं, दुसऱ्यात सुया. परवा रत्नदीप कुणाशी तरी भांडून घरी आला. हात सवयीने डाव्या खिशाकडे गेला, रिकाम्या खिशावर जरा घुटमळला. मग, "रूपा, आईक ना," म्हणत तो तिच्याशेजारी बसला. रूपाने आधी गॅस बंद केला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सारखा खिसा चाचपत असेल, तर नुसती डबी फेकून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा. "मग फुडं?" म्हणा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत उठू नका. वेळ लागतो. म्हणून गॅस तेवढा आधी बंद करा.