बर्फाच्या यंत्रातलं भूत

हॉटेलच्या स्वयंपाकघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. वाढपी, आचारी, शेजारचा औषधवाला, अर्धं ताट टाकून उठलेली गिऱ्हाइकं, सगळे माना उंचावून बर्फाच्या यंत्राकडे बघत होते. यंत्रासमोर गारठेबाबा उभे होते. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, कारण बाबा फक्त थंड जागेत लपलेली भुतं काढत. उन्हातली भुतं त्यांच्या खात्यात येत नसत.

"मागे सरा," बाबा म्हणाले. "आत बसलंय ते साधंसुधं नाही. माझी बाटली बघूनच तडफडायला लागलंय."

पुढचा पत्रा काढून त्यांनी आत हात घातला, डोळे मिटून पुटपुटले आणि बाटलीतलं मंतरलेलं पाणी ओतलं. यंत्र घरघरलं. आतून फसफस ऐकू आली, पांढरा फेस वर आला आणि नळीतून पीठ कालवल्यासारखं पाणी वाहू लागलं. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"गेलं," बाबा म्हणाले. "पण हे आलं कोणाच्या पावलांनी? गिऱ्हाइकं आजारी पडायला लागली कधीपासून?"

"मुलाचं लग्न झाल्यापासून," मालकीणबाई म्हणाल्या. सगळ्या माना यंत्राकडून सुनेकडे वळल्या.

"मग मी वेगळं काय सांगू? तिला माहेरी पाठवा, मी म्हणेपर्यंत आणू नका. आणि या यंत्राचं झाकण माझ्याशिवाय कोणी उघडायचं नाही."

सुनेला रडू आलं नाही, राग आला. दुसऱ्या दिवशी बर्फ काचेसारखा लख्ख निघाला, तेव्हा तर सासूबाईंची खात्रीच पटली. नवरा रात्री तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "जाऊन ये ना थोडे दिवस. आईचं समाधान होईल."

"आणि माझं?"

त्यावर तो पंखा किती मळलाय ते बघत बसला.

ती गेली नाही. आज जाते, उद्या जाते करत तिने आठवडा काढला. तेवढ्यात खुद्द औषधवाला गार सरबत पिऊन आडवा झाला, आणि सासूबाईंनी पुन्हा बाबांना बोलावणं धाडलं. पुन्हा तीच गर्दी जमली.

"बाई अजून घरातच," बाबा म्हणाले. "मग दुसरं काय होणार?"

"थांबा, आधी हिचं भूत काढू," सून म्हणाली. तिने चहाची विजेवरची किटली सगळ्यांसमोर ठेवली. आत तळाला पाण्यातल्या क्षाराचा पांढरा थर बसला होता. तिने त्यावर कपभर व्हिनेगर ओतलं. फसफस झाली, बुडबुडे आले. "आई, हिच्यात कोण बसलं होतं? कोणाच्या पावलांनी आलं?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अगं, पण बर्फ तर स्वच्छ झाला," सासूबाई म्हणाल्या.

"बाबांच्या बाटलीतही असलंच काहीतरी आंबट होतं. क्षार गेला म्हणून चकचकीत दिसला. माणसं क्षाराने आजारी पडत नाहीत." तिने झाकणाचा स्क्रू फिरवायला घेतला.

"उघडशील तर वंश बुडेल," बाबा ओरडले. तिने उघडलं. एक पांढरा रुमाल सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाली, "तुम्हीच पुसा. वरच्या कोपऱ्यात."

रुमाल बाहेर आला तो गुलाबी आणि काळ्या, शेंबडासारख्या बुळबुळीत थराने माखलेला. फरशी दिवसातून तीनदा पुसून घेणाऱ्या, यंत्राचा बाहेरचा पत्रा आरशासारखा ठेवणाऱ्या सासूबाई खाली बसल्या.

"इतक्या गारठ्यात हे जगतं?"

"मजेत. थंडीने मरत नाही, नुसतं सावकाश वाढतं. लग्नानंतर आपण यंत्राशेजारी पावाचं पीठ मळायला लागलो ना? त्यातलं यीस्ट हवेतून थेट आत, मग वाढीला काय तोटा. त्रास माझ्याबरोबर आला हे खरंय, आई. पिठाची परातही तेव्हाच आली." मग ती बाबांकडे वळली. "पुटपुटताना तुमचा अंगठा धुण्याच्या बटणावर होता. पत्र्याआडचं ते बटण या घरात कोणाला माहीत नव्हतं, मलाही या आठवड्यात यंत्राची पुस्तिका वाचून कळलं. पूर्वी काय काम करत होता?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. दारात आचारी उभा होता, आणि आचारी अंगाने चांगला भरलेला होता.

"हीच यंत्रं दुरुस्त करायचो," बाबा शेवटी म्हणाले. "घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो, आतला क्षार काढा, मग वेगळं जंतुनाशक फिरवा. कोणी ऐकेना. कफनी घातली, तर तीच माणसं पाया पडायला लागली."

"मग आमच्याकडे जंतुनाशक का नाही फिरवलंत?"

"फिरवलं असतं तर पुन्हा बोलावलं असतं का?"

"आणि मला का घराबाहेर काढत होतात?"

"तुमचं यंत्र घाण आहे म्हटलं की मालकीण हाकलते. सून वाईट आहे म्हटलं की जेवायला वाढते."

आचारी दारातून बाजूला झाला. बाबा निघून गेले, त्यांना कोणी अडवलंही नाही.

सासूबाईंनी पदर खोचला. होता तो सगळा बर्फ मोरीत टाकला. क्षार काढला, घासलं, खळखळून धुतलं, जंतुनाशक फिरवलं, आणि नंतरचा पहिला बर्फही फेकून दिला. पिठाची परात पार पलीकडच्या खोलीत गेली. हात पुसत त्या म्हणाल्या, "झालं."

"यंत्राचं झालं," सून म्हणाली. "माझं नाव सगळ्यांसमोर घेतलं होतंत."

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग बाहेर जाऊन भरलेल्या टेबलांमधे उभ्या राहिल्या.

"जरा ऐका. आमच्या सुनेचा काही दोष नव्हता. घाण माझ्या यंत्रात होती, आणि मी झाकण उघडून बघितलं नाही. तुमच्याकडे कोणी सारखं आजारी पडत असेल, तर डॉक्टरकडे जा, पाणी बघा, भांडी बघा. माणसावर बोट ठेवू नका. मी ठेवलं, माझं चुकलं."

गल्ल्यावर बसलेला नवरा कौतुकाने टाळ्या वाजवायला लागला. सुनेने त्याच्याकडे बघितलं, तसे त्याचे हात खाली आले.

"आता तू बोल," ती म्हणाली.