आठपटीची फियाट

कानिफनाथचं कोपरगावात गॅरेज होतं, पण त्याचा हिशेब सगळा सुतारकीतला. बाप बैलगाड्या बनवायचा. आधी हातभर नमुना करायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मग सुतानं सगळी मापं सारख्याच पटीत वाढवत मोठी गाडी उभी करायचा. कानिफनं लाकूड सोडून लोखंड धरलं, पण ते सूत काही सुटलं नाही. त्यानंच त्याचा घात केला.

यज्ञेश्वर गुरुजींचा एकुलता एक शामकांत शर्यतीच्या मोटारींपायी खुळावला होता. त्याच्या मामानं जर्मनीहून बिनतारी चालणारी छोटी मोटार पाठवली, खऱ्या मोटारीच्या एक अष्टमांश. एवढंसं तिचं इंजिन, पण अंगणात अशी पळायची की कोंबड्या कुंपणावर चढायच्या.

"हिला वजनच नाही, म्हणून पळते," शामकांत म्हणाला. "कानिफदादा, आमच्या घरची जुनी फियाट अशीच करायची."

झालं! कानिफनं मागची सीट काढली, दारं आतून पोखरली. चाकं वळवणारा दांडा खेळण्यात दाभणाएवढा होता. त्यानं तो मोजला आणि बरोब्बर आठपट जाडीचा, करंगळीएवढा, लेथवर कातून फियाटला बसवला. फियाट सुसाट सुटली. कानिफची छाती फुगली, आणि तिला फुगायला तसंही फारसं काही लागत नसे.

एकाहत्तरच्या जानेवारीत नगरबाहेरच्या माळावर, जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. सुरू व्हायला तासभर असताना शामकांतनं लोकांना छोटी मोटार पळवून दाखवली. ती कमरेएवढ्या बांधावरून खाली पडली, दोन कोलांट्या घेतल्या आणि पुन्हा पळू लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या. कानिफही हसला, आणि हसता हसता गप्प झाला. फियाट आठपट उंचीवरून पडली तर? तिचा पार चुराडा होईल.

मग त्याला बाप आठवला. बाप सगळ्याला सूत लावायचा, पण चाकांच्या आसाला कधीच नाही. आस सुताच्या हिशेबाहून जाड घ्यायचा. गाडी लांबीला आठपट, रुंदीला आठपट, उंचीलाही आठपट. म्हणजे वजन पाचशेपट झालं की! आणि दांड्याचा जोर? तो जाडीच्या हिशेबानं चौसष्टपटच, वजनामागं कुठच्या कुठं राहिला. कानिफ शामकांतकडे धावला.

"शामराव, गाडी काढू नगा. दांडा तुटंल."

"आठ दिवस पळवतोय मी. आत्ताच बरा आठवला तुम्हाला!"

"चुकलो मी. पाया पडतो तुमच्या."

शामकांत ऐकेना. तो हेल्मेट आणायला वळला, तसा कानिफ फियाटमध्ये शिरला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला. शामकांतनं आधी हात जोडले, मग शिव्या घातल्या, शेवटी कॉलर धरून ओढलं. सदरा टराटरा फाटला, पण कानिफ हलला नाही. समोर झेंडा पडला, बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या.

"वर्षाची मेहनत मातीत घातलीस तू," शामकांत म्हणाला. कानिफदादाचा एकदम 'तू' झाला होता.

फियाट ट्रकवर चढवून त्यांनी गॅरेजात आणली. शामकांतनं स्वतः दांडा सोडवला आणि व्हाइसच्या पकडीत आवळला. "आता बघ, तुटतो का ते!" असं म्हणून त्यानं दांड्याच्या टोकावर लांब पाइप चढवला आणि अंग टाकून ओढला.

दुसऱ्याच हिसक्याला कट्‌कन आवाज झाला. अर्धा दांडा पाइपातच राहिला.

शामकांतनं पाइपातला तुकडा काढून हातावर घेतला.

"परवा बाबांना शेजारी बसवून शिर्डीला गेलो होतो," तो म्हणाला. "साठच्या वर पळवली होती."

दांडा तुटला की आपली मान वर होईल असं कानिफला वाटलं होतं. पण मान वर कसली होतेय? गुरुजी आणि त्यांचं पोर, दोघंही त्याच्या हातच्या दांड्यावर बसून शिर्डीला जाऊन आले होते. त्याला हुंदका आवरेना.

"बाबांना काही सांगू नका, कानिफदादा."

कानिफनं दोन्ही तुकडे धोतराच्या सोग्यात गुंडाळले आणि फाटक्या सदऱ्यानंच तो गुरुजींच्या घरी गेला. गुरुजी ओसरीवर वह्या तपासत होते. त्यांच्या पुढ्यात तुकडे ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, ह्यो म्या बनवला हुता. ह्याच्यावर तुमी शिर्डीला गेल्ता."