उताराचे बांबू

"माझे बांबू कुणी उपटले?" नावाडी काठावरूनच ओरडला.

"मी," धाकटा भाऊ वाळूच्या बोटीवरून म्हणाला. "बोटीच्या आड येत होते. वीस पावलं खाली परत लावलेत की, दोन्ही रांगा. दिसत नाही का?"

पावसाळ्यात नदी दोन्ही थड्या भरून वाहायची, तेव्हा नावाडी लोकांना नावेनं पार करायचा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पायानं तळ चाचपत उतार शोधायचा, चालत पलीकडे जाण्याजोगी उथळ वाट, आणि तिच्या दोन्ही कडांना बांबू ठोकायचा. तीस वर्षं हेच. पूर्वी उन्हाळ्यात तळाचे गोटे मोजता यायचे, इतकं पाणी नितळ. धाकट्यानं वाळू उपसायचा पंप आणला आणि नदीचा पार चिखल करून टाकला. आता माणसं बांबू बघूनच पाय टाकत.

"अरे, तिथं तू महिनाभर वाळू ओढलीस! तळ राहिलाय कुठं? दोन पुरुष खोल खड्डा आहे!"

"उगीच लोकांना भीती घालू नकोस, दादा. संध्याकाळी बघू."

नावाडी पाण्यात उतरून बांबू उपटू लागला, तसं बोटीवरच्या दोघा गड्यांनी त्याला बखोटीला धरून काठावर आणून आदळलं. तोंडात चिखल गेला. जमलेलं गाव हसलं. हसणारच, निम्म्या घरांतली चूल वाळूवर पेटत होती.

"बरं!" तो थुंकून म्हणाला. "आता मी बांबूंना हात लावणार नाही. ऐकलंत ना सगळ्यांनी? बुडायचं त्यानं खुशाल बुडावं!"

आणि नदीकडे पाठ करून तो उपड्या घातलेल्या नावेवर जाऊन बसला. माणूस मनाचा चांगला, पण रुसला की लहान पोर परवडलं. सगळ्यांना सांगून झालं, आपण सुटलो, असं त्यानं ठरवून टाकलं. पलीकडच्या काठानं यातलं काही ऐकलं नव्हतं, हे त्या रागात त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ऊन चढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, वहिनी आल्या वाटतं."

त्याची बायको. नदीपलीकडे माहेरी गेली होती, चार दिवसांनी यायची होती. करमलं नसेल. डोक्यावर बोचकं, नेसण गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बांबूंच्या मधोमध ती पाण्यात शिरली होती. बांबू सोडायचे नाहीत, हे लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला त्यानंच शिकवलं होतं.

"थांब! मागं फिर!" तो हात हलवत धावला.

पंप धडधडत होता. शब्द तिला पोचले नाहीत, हात तेवढे दिसले. एरवी साधं "आलीस का" न विचारणारा नवरा आज एवढा बोलावतोय म्हणून ती हसली, आणि भराभर पाय उचलू लागली.

बोचकं तेवढं तरंगत राहिलं.

दुपारी ती सापडली. हवालदार वही घेऊन आला. "बांबू कुणी लावले?"

धाकटा रडत होता. रडणं खरं होतं. रडत रडतच तो म्हणाला, "दादाच लावतो, साहेब. दरवर्षी."

गड्यांनी माना डोलावल्या. गाव खाली बघत उभं राहिलं.

हवालदार नावाड्याकडे वळला. "काय रे, तूच लावलेस?"

नावाडी बायकोच्या तळपायाची वाळू पुसत होता. सबंध सकाळ तो पाण्यापासून दहा पावलांवर, पाठ करून बसला होता.

"हो," तो म्हणाला. "मीच. लिहा."

हवालदारानं लिहून घेतलं.