बोल्टाखालचा रंग

मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो. कुणी मला टेम्पो म्हणतं, कुणी डबडं म्हणतं. पूर्वी राग यायचा. हल्ली काही वाटत नाही.

नवी होते तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. सुताराच्या कारखान्यातली कपाटं आणि टेबलं घरोघर पोचवायची, हे माझं काम. मला चालवायचे ते त्याच कारखान्यातले रंगारी. सगळे त्यांना 'मुंगी' म्हणायचे, कारण ते हळूहळू काम करायचे आणि एवढीशी जागासुद्धा सोडायचे नाहीत. कपाटाचा तळ असो की खणाची मागची बाजू, ब्रश फिरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "डोळा जात नाही तिथं गंज आधी पोचतो," असं ते म्हणायचे. कुणी मला नावं ठेवली तर लगेच म्हणायचे, "ए, ती माझी थोरली लेक आहे!" धाकटी म्हणजे खरीखुरी, बबडी. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग ते आजारी पडले. ओझं उचलणं बंद झालं, गाडी चालवणंही बंद झालं. नुसतं बसून राहायचं कसं, म्हणून त्यांनी मला निळा रंग द्यायला घेतला. थोडं रंगवायचे, धाप लागली की स्टुलावर बसायचे. दिवे काढले, बोल्ट काढले, वायरींच्या टोकांना असलेल्या, बोल्टाखाली बसणाऱ्या कड्या सोडवल्या आणि त्यांच्याखालच्या पत्र्यावरसुद्धा रंगाचे दोन हात दिले. वाळल्यावर सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. आणि थोड्याच दिवसांत ते गेले.

माणसं आली, बसली, निघून गेली. त्यांच्या बायकोला कारखान्यात सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वहिनी रडल्या नाहीत. गाडी चालवायला त्यांना रंगाऱ्यांनीच शिकवलं होतं. वहिनींनी किल्ली उचलली आणि कामाला लागल्या. रस्ताभर त्या काही बोलायच्या नाहीत. आम्ही दोघी नुसत्या जात होतो आणि येत होतो.

रंग दिल्यापासून मी अंधारात बाहेर पडलेच नव्हते. पहिल्यांदा दिवे लावायची वेळ आली, तेव्हा मागचा दिवा भलतंच करू लागला.

"लागला का गं?" ब्रेक दाबून वहिनींनी विचारलं.

"लागला, पण पिवळा!" मागे उभी असलेली बबडी ओरडली. "लाल नुसता मिणमिणतोय."

"अगं, वळण दाखवायच्या पिवळ्याला मी हातही लावलेला नाही!"

"मग गाडीला सांग ना, आई. मला काय सांगतेस?"

वायरमन आला. त्यानं बल्ब बदलला, फ्यूज बदलला, होल्डरही बदलला. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी त्यानं बॅटरीच्या उणे टोकाला एक वायर जोडली आणि तिचं दुसरं टोक दिव्याच्या पत्र्याला टेकवलं. दिवा लख्ख लागला.

"घ्या! अर्थिंगचाच लोचा आहे," तो म्हणाला. "वहिनी, वीज दिव्यापर्यंत येते, पण तिला परत बॅटरीकडे जायला गाडीचा पत्राच वाट असतो. इथं कडीखाली जाड रंग बसलाय. वाट अडली, म्हणून ती पिवळ्या बल्बातून पळतेय. तेवढा रंग खरवडला की झालं."

"रंगाला हात लावायचा नाही."

"अहो, नखाएवढी जागा आहे."

"नखाएवढीही नाही."

वायरमननं डोकं खाजवलं. मग बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक लांब वायर ओढून दिली. "हे काही खरं नाही हं," तो म्हणाला. "सामान उतरवताना धक्का लागला की तुटेल." वहिनींनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

एका संध्याकाळी कपाट उतरवताना ती वायर तुटली. कुणालाच पत्ता नव्हता. परतताना बबडी पुढे आईशेजारी बसली होती. वळणावर वहिनींनी ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्याला ते दिसलंच नाही. त्यानं करकचून ब्रेक मारला, तरी माझं मागचं फळकं आत गेलं आणि बबडीचं कपाळ समोर आपटलं.

"दिवा लावायला काय झालं? पोरीला मारायचंय का?" ट्रकवाला ओरडला.

वहिनींनी बबडीला जवळ ओढलं. बबडीच्या टेंगळावर हात धरून बसून राहिल्या. खरं सांगू मित्रांनो, पत्रा एवढा चेपला, पण वहिनींसारखीच मीही सुन्न होते, मला काही जाणवलं नाही.

सकाळी वहिनींनी रंगाऱ्यांचीच रंग खरवडायची पत्री घेतली, दिव्याच्या कडीचा बोल्ट काढला आणि खरवडायला बसल्या. रंग सुटेना. निळ्याखाली पुन्हा निळाच.

"किती थापलाय हा!" त्या पुटपुटल्या. मग आवाज चढला. "अहो, वायरीच्या कडीखाली कुणी रंग देतं का? लेकीला घेऊन फिरते मी ह्या गाडीतून! काल गेली असती ती! आणि तुम्ही खुशाल निघून गेलात!"

माणूस समोर उभा असावा तशा त्या कडाकडा भांडत होत्या. भांडता भांडता हातातली पत्री गळून पडली आणि त्या माझ्या चेपलेल्या फळक्याला डोकं टेकून हमसाहमशी रडल्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. बबडी घाबरली नाही. तिनं पत्री उचलली आणि उरलेला रंग खरवडत बसली.

पत्रा उघडा पडला. दोघींनी मिळून कडी घट्ट आवळली, वरून ग्रीस लावलं. वहिनींनी डोळे पुसून ब्रेक दाबला.

"लाल!" बबडी नाचली. "नुसता लाल!"

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, रंगवा, खुशाल मिरवा. पण एखाद्या गाडीचा दिवा मंद झाला, तर बोल्ट उघडून बघायला कचरू नका, मग तो रंग कितीही लाडक्या माणसाचा असो. तुमच्या घरात कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर त्याच्याजवळही जाऊन बसा. आमच्या वहिनी आता वाटेत गेलेल्या रंगाऱ्यांशी भांडतात, मधूनच हसतातही. बबडी म्हणते, "आई, बाबांना बोलू दे की जरा!" आणि मग आम्ही तिघी कान देऊन ऐकतो.