बुधवारी डबा नको

प्रमिलाला सुशी खायची नव्हती. पण उझमाला नाही म्हणणं तिला आजवर जमलं नव्हतं, ते आजही जमलं नाही.

उझमा वरच्या मजल्यावर राहायची. मूळची परभणीची. लग्न होऊन शारजात आली त्याला वीस वर्षं झाली, तरी तिची मराठी अजून तिकडचीच. अल मजाजच्या त्या टॉवरमध्ये कुठल्या दुकानात काय स्वस्त झालं, कुठल्या हॉटेलात कुठल्या वारी एकावर एक फुकट आहे, हे आधी तिला कळायचं आणि मग बाकीच्यांना.

"अल खानला जपानी हॉटेल हाय, भाभी. बुधवारी लेडीज लंच. एका प्लेटवर एक फ्री. मी एकटीनं दोन प्लेटी हाणल्या तर लोक काय म्हणतील? तुम्ही नुसतं समोर बसा."

"अगं, पण कच्चे मासे! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"तुमच्यासाठी काकडीची असती की. आवरा, टॅक्सी बोलावलीय. यल्ला!"

बुधवारची दुपार प्रमिलाला तशी मोकळीच असायची. तिचा नवरा शैलेंद्र एका स्टील फॅब्रिकेशन कंपनीत सीनियर इंजिनियर होता. दर बुधवारी त्याची हमरिया फ्री झोनमधल्या यार्डात साइट व्हिजिट असायची आणि जेवण तिकडेच व्हायचं. त्यामुळे मंगळवारी रात्री झोपताना तो न चुकता सांगायचा, "उद्या बुधवार. डबा नको."

हॉटेल लहानसंच होतं. सहा टेबलं, एक लांब लाकडी काउंटर आणि काउंटरवर काचेखाली मांडलेले माशांचे तुकडे. प्रमिलाने तिकडून नजर काढली ती समोरच्या भिंतीवर गेली. तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फोटो चिकटवले होते. एक अरबी कुटुंब, दोन फिलिपिनो नर्सेस, केक कापणारा एक गोरा म्हातारा. आणि म्हाताऱ्याच्या शेजारच्या फोटोत शैलेंद्र.

ती उठून भिंतीजवळ गेली. चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला. शैलेंद्रच होता. अंगात निळ्या चौकटींचा शर्ट, तिनेच इस्त्री केलेला. हातात दोन काड्या, काड्यांच्या चिमटीत भाताचा मुटका आणि त्यावर केशरी माशाचा काप. आणि तो हसत होता. चांगले दात दाखवून. लग्नाच्या अल्बममध्ये, लेकीच्या बारशाला, ताजमहालासमोर, सगळीकडे ओठ घट्ट मिटून उभा राहणारा माणूस! फोटोखाली कुणीतरी मार्करने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘शैलू-सान, आमचे बुधवारचे पाहुणे.’

"काय बघायलात भाभी?" उझमा मागून आली. "या अल्ला! हे तर भाईसाब दिसायलेत."

"दिसतायत काय, तेच आहेत."

प्रमिलाने त्या फोटोचा फोटो काढला आणि लेकीला, सृष्टीला, मँचेस्टरला पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, "आई, ही लुक्स सो हॅपी! इज दॅट सॅमन?" प्रमिलाने फोन पर्समध्ये टाकला. या मुलीचा ऐन वेळी काही उपयोग नसतो.

"बैठिए ना, मॅडम," काउंटरमागून आवाज आला. पन्नाशीची एक बाई भात पंख्याने वारा घालून निववत होती. डोक्याला काळा रुमाल, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. "फोटो में कोई पहचान का है?"

"हां. मेरे पति हैं."

बाईच्या हातातला पंखा थांबला. "आप बौदी हैं? दादा की?" तिचा चेहरा एकदम उजळला. "कब से बोल रही हूं, बौदी को लाओ, बौदी को लाओ. दादा बोलता है, वो नहीं आएगी."

बौदी म्हणजे वहिनी, हे प्रमिलाने अंदाजाने ताडलं. बाईचं नाव जहांआरा. बांगलादेशातली, चट्टग्रामकडची. दुबईत एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली नऊ वर्षं काढून आता इथली मुख्य आचारी झाली होती. हे सगळं तिने न विचारताच सांगितलं.

"कब से आते हैं?" प्रमिलाने विचारलं.

"रमजान के बाद से. एप्रिल से. हर बुधवार, साढ़े बारह." जहांआराने घड्याळाकडे पाहिलं. "अभी आएगा. दस मिनट."

उझमाचा उत्साह पार मावळला होता. "भाभी, आपण घरी जायचं का?"

"का म्हणून? तुझी फ्री प्लेट येऊ दे." आणि टेबलाकडे न जाता प्रमिला थेट काउंटरच्या उंच खुर्चीवर चढून बसली.

ती दहा मिनिटं तिने माशांवर रागवायचा प्रयत्न केला. आठ महिने कच्चे मासे खाऊन हा माणूस घरी येऊन देवापुढे दिवा लावत होता! राग यायला हे पुरेसं होतं. पण राग नीट धरत नव्हता. नजर सारखी त्या दातांकडे जात होती. आणि शैलू? त्याला शैलू म्हणायची ती फक्त त्याची आई, साताऱ्याला. आई गेल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. इथे ते, जपानी आदराचं ‘सान’ जोडून, मार्करने लिहून भिंतीवर लावलं होतं.

दार उघडलं. "जहांआरा-सान! आज क्या ताजा है?"

असा मोकळा आवाज तिने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. ती खुर्चीसकट वळली. शैलेंद्र दारातच थबकला. खांद्यावरची बॅग घसरून कोपरात आली.

"प्रमिला! तू इथे कशी?"

"टॅक्सीने."

"नाही, म्हणजे... माझा एक क्लायंट येणार होता, अबुधाबीहून..."

"भाईसाब," उझमा हळूच म्हणाली, "आम्ही फोटो बघितलाय." आणि आपली प्लेट उचलून ती कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. तिथून सगळं नीट ऐकू येत होतं.

शैलेंद्र येऊन प्रमिलाच्या शेजारी बसला. जहांआराने सवयीने हात ओले केले, भाताची मूठ वळली, त्यावर माशाचा काप बसवला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने त्या घासाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"खा," प्रमिला म्हणाली. "गार होईल." मग तिला शंका आली. "गारच असतं का हो ते?"

त्याने खाल्लं. काय करणार! जहांआराने विचारलं, "कैसा है?" आणि सवयच इतकी मुरली होती की त्याचे डोळे आपोआप मिटले, मान डोलली आणि तोंडातून निघून गेलं, "वा!"

"अहो," प्रमिला म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "एकोणतीस वर्षं तव्यावरची पोळी एकेक करून तुमच्या पानात वाढतेय. टम्म फुगलेली. एकदा तरी म्हणालात, वा?"

शैलेंद्रच्या हातातल्या काड्या तशाच राहिल्या. "नाही म्हणालो," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

प्रमिलाची पंचाईत झाली. तो काहीही सबब सांगेल, त्याला द्यायचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. चुकलं म्हणेल याची तयारी नव्हती.

"आणि हमरिया?" तिने विचारलं. "इथे जेवून जाता का तिकडे?"

त्याने काड्या खाली ठेवल्या, एकमेकींना नीट समांतर. "हमरियाला मी आता जात नाही. तन्मय जातो."

तन्मय तिला माहीत होता. सात वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा दिवाळीत त्यांच्याकडेच फराळाला आला होता आणि डबाभर चकल्या घेऊन गेला होता.

"एप्रिलमध्ये यार्डाचं सगळं काम त्याच्याकडे दिलं. यार्डातून जेवून परतलं की दर बुधवारी दुपारी ऑफिसात प्रोजेक्टची मीटिंग असते. आधी मी घ्यायचो, आता तो घेतो. मला बोलावणं येत नाही. पहिल्या बुधवारी माझ्या टेबलाशी बसून काचेतून त्यांच्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या बुधवारी म्हटलं, बघत बसण्यापेक्षा बाहेर पडावं. गाडी नुसतीच फिरवत होतो. इथे पार्किंग दिसलं म्हणून थांबलो."

"पार्किंग दिसलं म्हणून मासे खाल्लेत?"

"शारजात पार्किंग मिळालं तर माणूस सोडतो का?"

प्रमिलाला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच. तिने ते पदराने झाकलं. "मला का नाही सांगितलंत?"

"त्याच संध्याकाळी सांगणार होतो. तू दार उघडलंस आणि विचारलंस, हमरियाला ऊन फार होतं का? मी म्हटलं, फार. मग पुढच्या बुधवारीही ऊन. आता डिसेंबर लागला, तरी माझ्या हमरियाचं ऊन काही कमी होत नाही."

दर बुधवारी ती त्याच्या बॅगेत आठवणीने टोपी टाकायची. पाण्याची बाटली आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवायची. आणि हा बाटली घेऊन, टोपी घेऊन, काचेमागची ती मीटिंग मागे टाकून इथे येऊन बसायचा.

"या जहांआराला सांगितलंत हे सगळं?"

"नाही. हिने कधी विचारलंच नाही. ती एवढंच विचारायची, आज काय खाणार? तेवढं उत्तर मला येत होतं."

प्रमिलाने नाक ओढलं आणि जहांआराकडे वळली. "मेरे लिए भी कुछ बनाओ. बिना मच्छी का."

जहांआराने सुरी बदलली, चिरायचा पाट धुतला, पुसला. मग काकडीचे आणि मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याचे रोल करून तिच्यापुढे ठेवले. प्रमिला काड्यांशी झटायला लागली तशी म्हणाली, "हाथ से खाओ, बौदी. हाथ से ही सही है."

प्रमिलाने खाल्लं. शैलेंद्र, जहांआरा आणि कोपऱ्यातून उझमा, तिघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"भात आंबट आहे," ती म्हणाली. "पण शिजलाय सुरेख. दाणा न् दाणा सुटा आणि तरी धरून. मुळ्याला मात्र फोडणी हवी होती." दुसरा रोल तोंडात टाकून तिने विचारलं, "मीटिंग किती वाजता असते?"

"दोनला."

"येऊ नका असं म्हणालंय कुणी?"

"तसं नाही. बोलावलं नाही, इतकंच."

"मग आज जा. बावीस वर्षं झाली तुम्हाला त्या कंपनीत. खुर्ची ओढायची आणि बसायचं."

"आणि काय बोलू?"

"काही बोलू नका. तन्मय काही चांगलं बोलला तर म्हणा, वा."

शैलेंद्र हात धुऊन आला, बॅग खांद्यावर सरळ केली आणि निघाला.

प्रमिला कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसली. उझमा डोळे पुसत होती. "मला काय बी ऐकू आलं नाही, भाभी."

"मग रडतेस कशाला?"

"प्लेटीतली ही हिरवी चटणी लई तिखट हाय."

अडीचला फोन वाजला. ताप भरल्याशिवाय शैलेंद्र ऑफिसातून कधी फोन करत नसे. "काय झालं हो?" प्रमिलाने घाईने विचारलं.

"मीटिंग कॅन्सल. तन्मयला ताप आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खुर्ची ओढून बसलो. दहा मिनिटं एकटाच. मग एचआरची मुलगी दिवे बंद करायला आली."

प्रमिला जी हसत सुटली ती थांबेचना. तिकडे तोही हसायला लागला. दोघं फोनवर नुसतेच हसत होते आणि उझमा काही न कळता त्यांच्यात सामील झाली होती.

"मग तन्मयला फोन केला," शैलेंद्र दम घेऊन म्हणाला. "बरं आहे का विचारायला. म्हणाला, सर, क्रेनच्या पायाचं ड्रॉइंग मला नीट कळलेलं नाही, पण तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता. बरा झालो की बसायचं का? मी म्हटलं, बसू."

"बरं झालं. आता कुठे आहात?"

"पार्किंगमध्ये. तू अजून तिथेच?"

"उझमा उठत नाहीये. तिसरी प्लेट मागवलीय."

"मग मी येऊ?" त्याने विचारलं.

"या की," प्रमिला म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून तिने मांडीवर घेतली.