घाईने फिरवलेली प्रेमकथा

मित्रांनो, मी जुनी आहे, पण टाकाऊ नाही, हे आधीच बजावते. मी एका मूकपटाची फीत आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे.

माझ्यातली गोष्ट ती केवढीशी! एक गुराखी, एक माळ्याची मुलगी आणि मध्ये कुंपण. ती कुंपणावरून त्याला पाण्याचा तांब्या देते. तो पाणी पितो आणि तिच्याकडे बघता बघता तांब्या परत द्यायचं विसरतो. एवढ्यासाठी माणसं बाकांवर पुढे सरकून बसायची.

तेव्हा यंत्र हाताने फिरवत. तांब्याचा प्रसंग आला की ऑपरेटरमामांचा हात आपोआप मंदावायचा. शिट्ट्या मारणारे दांडगेही गप्प व्हायचे. पुढे बोलपट आले आणि मला पत्र्याच्या डब्यात कोंबलं. कित्येक वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

परवा थिएटरच्या नव्या व्यवस्थापकाने मला बाहेर काढलं. खेळ रंगला तर ठेवायची, नाही तर भंगारात द्यायची, असं त्याने जाहीर केलं. आणि त्या शहाण्याने मला विजेच्या यंत्रावर चढवलं, बोलपटाच्या वेगाने! माझा गुराखी टुणटुण उड्या मारत आला. मुलीने तांब्या त्याच्या नाकावर हाणल्यासारखा दिला. लोक खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर हाच म्हणतो, असलं साधं प्रेम आता कुणाला रुचत नाही.

ऑपरेटरमामांची मुलगी तिथेच तिकिटं फाडते. ती पुढे आली.

"साहेब, लोक त्या दोघांना नाही हसले, तुमच्या घाईला हसले. बाबांचं यंत्र पोटमाळ्यावर आहे. मी हाताने फिरवते, मग ठरवा."

लोकांनीही आग्रह धरला, तेव्हा तो नाइलाजाने हो म्हणाला. तिने मला अगदी सावकाश ओढलं. थिएटर चिडीचूप झालं. गुराख्याने तांब्या हातात घेतला आणि मी तुटले. आधीच्या धावपळीत माझ्या कडेची, यंत्राच्या दात्यांत बसणारी भोकं फाटली होती.

पडदा पांढरा झाला, तरी कुणी उठलं नाही. मागून एका आजोबांनी विचारलं, "प्यायला का तो पाणी?"

प्यायला हो, आजोबा! पण तो तुकडा चिंध्या होऊन जमिनीवर पडला होता. उरलेलं जोडून घेतलंय, पण आता माझा गुराखी तांब्या घेतो आणि पुढच्याच क्षणी कुंपणाशी एकटा उभा दिसतो. त्याचं ते बघत राहणं गेलं, कायमचं.

मला भंगारात दिलेलं नाही. व्यवस्थापकाने डब्यावर स्वतःच्या हाताने लिहिलंय, "हळू फिरवा." मित्रांनो, हे त्याला आधी कुणाला विचारता येत नव्हतं का?